पुरात लष्कर आपोआप येतं का?

ऑगस्ट २०१९ आठवतोय? कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, सांगली-कोल्हापूर पाण्यात गेलं. एनडीआरएफ, लष्कर, नौदल, सगळ्यांच्या बोटी तिथे होत्या. आपण सरसकट 'आर्मी आली' म्हणतो. पण एनडीआरएफ गृह मंत्रालयाच्या हाताखाली असतं, आणि त्यात सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांतले जवान असतात.

लष्कर मात्र आपणहून येत नाही, मुलकी प्रशासनाने बोलवावं लागतं. परिस्थिती आवाक्याबाहेर जातेय असं दिसलं की जिल्हाधिकारी मदत मागतात. आधी कुठल्या गावाला जायचं ते प्रशासन सांगतं, तिथवर कसं पोचायचं ते जवान बघतात. काम झालं की लष्कर परत जातं. जिल्ह्याचा कारभार त्याच्या हातात जात नाही.

म्हणजे सगळं अडतं ते वेळेवर. त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, माणसं दगावली. ती बोट लष्कराची नव्हती, गावातलीच होती.

म्हणून पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत थांबू नका. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर आहे १०७७. किती माणसं अडकलीत, त्यात म्हातारी, आजारी किती, रस्ता कुठे तुटलाय, नीट सांगा. तुमची खबर वेळेत गेली, तर बोटही वेळेत निघेल.