अणूचे अंतरंग (लेखांक ६) : वर्ध्याच्या काळ्या दगडाचे वय

समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख ख्वाजा फरीद यांच्या दर्ग्याला जाणारा भाविक पायाखाली विखुरलेले वाटोळे गोटे पाहतो, तेव्हा फकिराची कुचेष्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सारा माल, नारळांसकट, शापाने शिळा झाला ही आख्यायिका त्याला कोणीतरी सांगतेच. भूशास्त्रज्ञ त्याच गोट्यांना झिओलाइट म्हणतो. लाव्हारस थिजल्यावर त्यातील पोकळ्यांत मागाहून साचलेले हे खनिज होय. त्या पोकळ्या ज्यात होत्या तो काळा दगड, अर्थात बेसॉल्ट, वर्धा जिल्ह्याच्या बहुतेक भूमीखाली पसरलेला असून आपल्या कपाशीची माती त्याच्याच झिजेतून निर्माण झाली आहे. दख्खनच्या या लाव्हाथरांचा बहुतांश भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठावर आला, असे आज निश्चयपूर्वक सांगता येते. शिलालेख नाही, सनद नाही, मग हा आकडा आला कोठून?

खताच्या पोत्यावर नत्र व स्फुरद यांच्या जोडीने जे पालाश नमूद असते, त्यातील पोटॅशियम हे मूलद्रव्य बेसॉल्टमध्येही अल्प प्रमाणात आढळते. त्याच्या दर दहा हजार अणूंत सुमारे एका अणूच्या केंद्रात १९ प्रोटॉनांबरोबर २१ न्यूट्रॉन असतात, आणि हे केंद्र, म्हणजे पोटॅशियम-४०, अस्थिर असते. अशा शंभर अणूंपैकी नव्वदांच्या आसपास बीटा कण बाहेर फेकून कॅल्शियम बनतात. उरलेले आपल्याच कक्षेतील एक इलेक्ट्रॉन केंद्रात ओढून घेऊन आर्गॉन वायूचे अणू होतात आणि बहुधा त्याच क्षणी गॅमा किरण सोडतात. युरेनियमसारखी जड केंद्रे अल्फा कण टाकतात, जो साध्या कागदानेही अडतो. बीटाला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा पुरतो, गॅमाला मात्र शिशाची जाड भिंत लागते. १८९६ साली पॅरिसमध्ये बेकरेल यांना युरेनियमच्या क्षारामुळे काळवंडलेली छायाचित्रणाची काच दिसली, तेव्हापासून मनुष्याला या किरणोत्सर्गाची ओळख झाली. वस्तुतः तो आपल्या देहातही अखंड चालू आहे, कारण प्रौढ मनुष्याच्या शरीरातील पोटॅशियमचे दर सेकंदास चार हजारांच्या आसपास अणू विघटन पावत असतात.

एखादा विशिष्ट अणू केव्हा फुटेल, हे कोणालाही सांगता येत नाही. पूर्वी गावाच्या जन्ममृत्यूचे दप्तर ठेवणाऱ्या कोतवालालाही अमुक माणसाच्या मृत्यूची तिथी आगाऊ ठाऊक नसे. परंतु माणूस निदान म्हातारा होतो, अणू होत नाही. कोट्यवधी वर्षे टिकलेल्या अणूचा उद्या फुटण्याचा संभव आजच्याइतकाच असतो, आणि म्हणूनच असंख्य अणूंच्या समूहाचा क्षय अत्यंत नियमित चालतो. पोटॅशियम-४० चे अर्धे अणू संपण्यास १२५ कोटी वर्षे लागतात. यास अर्धायुष्य म्हणतात, आणि उष्णता वा दाब यांची तमा न बाळगणारी ही मुदत हाच आपल्या सर्व हिशेबाचा पाया आहे.

लाव्हा वितळलेला असताना पूर्वीचा आर्गॉन निसटून जातो. लाव्हा थिजला की नवा आर्गॉन दगडातच अडकून साचू लागतो. दगडातील पोटॅशियम व आर्गॉन मोजले की वय निघते. सांगायला हे सोपे, पण वर्ध्याच्या दगडात मूळच्या पोटॅशियम-४० पैकी आजवर शेकडा साडेतीनच्या आसपास अणूच फुटले आहेत, आणि त्यांतील जेमतेम दशांश आर्गॉन झाले आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या मापनासाठी लागणाऱ्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. त्यात दगडाची निवडही सांभाळून करावी लागते. विहीर खणताना काळ्या मातीखाली लागणारा मुरूम निरुपयोगी, कारण कुजलेल्या दगडातून आर्गॉन गळून जातो व वय खोटेच कमी भरते. गिरडचे गोटे मागाहून बनलेले, सबब त्यांची साक्षही चालत नाही. हवा तो सुरुंगाने फोडावा लागणारा, आतून ताजा, अभंग कातळ. या दक्षतेअभावी जुन्या मापनांत कोट्यवधी वर्षांची तफावत पडत असे. पुढे नमुना अणुभट्टीत ठेवून पोटॅशियमचाच काही अंश आर्गॉनमध्ये पालटायचा आणि दोन्ही आर्गॉन एकत्र मोजायचे, ही युक्ती निघाली, तेव्हा कोठे हिशेब जुळला.

याच जिल्ह्यातील पवनारला, जेथे १९६७ साली नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले, हे घड्याळ कुचकामाचे ठरेल. तेथील मानवी वस्तीचा काळ त्याला फारच अल्प आहे. तशा स्थळी कोळशातील कार्बन-१४ मोजावा, ज्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे आहे. उलट कर्करोगाच्या उपचारयंत्रातील कोबाल्ट-६० अवघ्या सव्वापाच वर्षांत निम्मे होते, म्हणून त्या यंत्रावर तीच मात्रा देण्यास दरमहा सुमारे शेकडा एक इतका वेळ वाढवावा लागतो. कोबाल्टचे किरण रोगग्रस्त पेशीत नेमके काय करतात आणि निरोगी पेशी त्यातून कशा सावरतात, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.