गारठलेल्या पिल्लांची शुश्रूषा

महाभारताच्या आदिपर्वात सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञस्थानी गेलेल्या तिच्या निरपराध पिल्लास राजाच्या भावांनी मारिले, तेव्हा त्या कुत्रीने राजासच जाब विचारिला. तो जाब आम्हांसही चुकला नाही. मात्र आमचा अपराध क्रौर्याचा नसून अज्ञानाचा होता.

गतवर्षी मार्गशीर्षात, नव्या मुंबईत नेरूळ येथे, आमच्या इमारतीच्या जिन्याखाली दोन नवजात पिल्ले गारठून पडलेली आढळली. आई येईल म्हणून आम्ही दुरून वाट पाहिली. ती आली नाही. तेव्हा मोठ्या ममतेने त्यांस घरी आणून गाईचे दूध पाजिले. पहाटे त्यांतील एक गतप्राण झाले. पशुवैद्यांनी कारण सांगितले, ते ऐकून आमच्या दयेचीच आम्हांस लाज वाटली. प्रथम ऊब, नंतर पाणी व शेवटी दूध, हा क्रम आम्ही उलटा केला होता.

नवजात पिल्लास स्वतःची ऊब राखिता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या अंगाची उष्णता ९५ ते ९७ अंश फॅरनहाइट असावी. ती ९४ च्या खाली गेली की आतडी मंदावतात आणि दूध पोटात तसेच राहते. म्हणून गरम पाण्याची बाटली पंचात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूस ठेवावी व सावकाश ऊब द्यावी. उष्मा अधिक झाल्यास पिल्लास दूर सरकता आले पाहिजे.

नंतर हिरड्या पाहाव्यात. त्या कोरड्या वा चिकट असतील, किंवा लघवी पिवळी होत असेल, तर शोष पडला असे समजून तत्काळ पशुवैद्य गाठावा. ते कोमट सलाईन कातडीखाली देतात.

कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिने व स्निग्धांश दुपटीहून अधिक असतात. यास्तव पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटीच वापरावी. दर दोनतीन तासांनी, पिल्लू पालथे ठेवून पाजावे. उताणे धरल्यास दूध फुप्फुसांत जाते. पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने खालचे अंग पुसावे, त्याविना त्यास मलमूत्रविसर्जन होत नाही. वजन रोज करावे. दहाबारा दिवसांत ते जन्मवेळच्या दुप्पट व्हावे.

खोके, बाटली, उष्णतामापक, काटा, भुकटी आणि पशुवैद्यांचा दूरध्वनी क्रमांक, एवढी सिद्धता आता आमच्या घरी थंडीपूर्वीच असते. वाचलेले दुसरे पिल्लू हे लिहिताना आमच्या पायाशीच निजले आहे.