ओट्याखालची गळकी नळी

घरांत पाणी कोठून येतें, हें बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असतें. साताऱ्यास कासच्या तलावाचें पाणी डोंगरउतारानें येतें, सांगलीस कृष्णेचें पाणी मिळतें, हें लहान मूलहि सांगेल. परंतु वापरलेलें पाणी घराबाहेर कसें जातें, असें विचारल्यास मोठीं माणसेंहि क्षणभर थांबतात. येणाऱ्या पाण्याची आपण वाट पाहतों व जाणाऱ्या पाण्याकडे पाठ फिरवितों. या दुर्लक्षाचें फळ म्हणजे ओट्याखालची गळकी नळी होय.

आमच्याकडील जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत दगडी मोरी असे. तिचें पाणी भिंतींतील भोंकावाटे परसांत जाई व अळूस किंवा केळीस मिळे. मोरी उघडी असल्यामुळें तिचा दोष चटकन् दिसे. पुढें उभ्यानें स्वयंपाक करण्याचे ओटे आले, त्यांत सिंक बसलें, आणि सांडपाण्याची वाट कपाटाआड गेली. सोय झाली खरी, पण गळतीहि दृष्टीआड झाली.

प्रथम या नळीची रचना समजून घेऊं. सिंकच्या तळाशीं जाळीदार तोंड असतें. त्याच्या खालीं आट्यांची कडी व रबरी चकती, म्हणजे वॉशर, यांनीं नळी जोडलेली असते. मग नळीस एक वांकण असतें, अथवा बाटलीच्या आकाराचें भांडें असतें. यास कारागीर ‘ट्रॅप’ म्हणतात. त्यांत सुमारें दोन इंच पाणी सदैव अडून राहतें. पाण्याचा हा पडदा गटारांतील दुर्गंध व झुरळें यांस घरांत येऊं देत नाहीं. इ. स. 1775 मध्यें अलेक्झांडर कमिंग नांवाच्या घड्याळजीनें लंडनमध्यें शौचकूपाच्या नळीस असें वळण देऊन त्याचें पेटंट घेतलें; तीच युक्ति आज आपल्या ओट्याखालीं आहे. मे महिन्याच्या सुटींत घर बंद राहिल्यास हें पाणी आटतें व घाण वास येतो. तो गळतीचा नव्हे. दोन तांबे पाणी ओततांच तो जातो.

आतां गळती शोधण्याची रीत. कपाट रिकामें करून नळी कोरड्या फडक्यानें पुसावी व खालीं जुनें वर्तमानपत्र पसरावें. सिंकचा वापर न करतांहि कागद भिजला, तर दोष बहुधा वर पाणी नेणाऱ्या नळाचा असतो. तसें नसल्यास सिंकच्या तोंडास बूच लावून तें भरावें. पाणी अडलेलें असतांनाच थेंब आला, तर सिंक व जाळी यांमधील सांधा सैल आहे. नंतर बूच काढून सर्व पाणी एकदम सोडावें व वरून खालीं प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवावें. पाणी नळीच्या अंगावरून ओघळून सर्वांत खालच्या जागीं टपकतें. म्हणून जेथें थेंब पडतो तेथेंच भोंक आहे, असें समजूं नये.

सदोष सांधा सांपडल्यावर खालीं बादली ठेवून कडी हातानें सोडावी. आंतील चिकटा धुऊन काढावा, कडक झालेली किंवा चिरलेली चकती फेंकून त्याच मापाची नवी घालावी, आणि आटे सरळ बसले आहेत हें पाहून कडी हातानें घट्ट करावी. फार जोर केल्यास प्लॅस्टिकची कडी तडकते. नळीच चिरली असेल तर ती बदलावी. वर चिंधी गुंडाळून झिजलेली चकती आंत तशीच ठेवणें म्हणजे मोरीला बोळा लावून दरवाजा मोकळा सोडणें होय. शेवटीं सिंक पुन्हा भरून सोडावें. कागद कोरडा राहिला तरच काम झालें.

गळती होऊं नये म्हणून खरकटें, चहाचा चोथा व उरलेलें तेल नळींत सोडूं नये. भाताची उकळती पेज एकदम ओतूं नये. प्लॅस्टिकची नळी सुमारें 80 अंश उष्णतेस मऊ पडूं लागते. तुंबलेली नळी साफ करण्यासाठीं ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधींहि एकत्र करूं नये. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो.

हा प्रश्न एका कपाटाचाच नाहीं. ओल राहिली म्हणजे लांकूड कुजतें, भिंतीस बुरशी येते, आणि वरच्या मजल्यावरची गळती खालच्या बिऱ्हाडाच्या छतांतून उतरते. यापुढचा विचार तर अधिक मोठा आहे. साताऱ्याजवळची वेण्णा माहुलीस कृष्णेस मिळते व तीच कृष्णा पुढें कऱ्हाडावरून सांगलीस जाते. वरच्या गांवानें टाकलेलें पाणी खालच्या गांवाच्या नदींत पोंचतें. ऑगस्ट 2019 च्या महापुरांत हीच नदी सांगलीच्या घरांत शिरली, तेव्हां नदीचें पाणी व गटाराचें पाणी यांत भेद उरला नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या रविवारीं घरच्या वडील मंडळींस विचारून ओट्याखालचें कपाट एकदां उघडून पाहा. एक कोरडें फडकें व एक जुनें वर्तमानपत्र एवढें साहित्य त्यास पुरेसें आहे.