हात खांद्यावर, कळ कानशिलात

मान जिथं खांद्याला मिळते, तिथला मांसल भाग चिमटीत धरा आणि हळूहळू दाबत जा. बऱ्याच जणांच्या बोटांना तिथं सुतळीसारखी ताठर रेघ लागते, आणि तिच्यावर एखादी जागा अशी असते की दाबली की ‘आई गं!’ तोंडातून निघतंच. दाब थोडा वेळ तसाच ठेवला तर काहींची कळ मानेवरून वर चढते आणि कानशिलात ठणकू लागते. दाबला खांदा, दुखतंय डोकं!

१९३८ मध्ये लंडनच्या जोनास केलग्रेन या डॉक्टरांनी हा चकवा मुद्दाम घडवून पाहिला. स्वतःच्या आणि इतरांच्या स्नायूंत मिठाचं पाणी टोचायचं, आणि कळ कुठं जाते ते टिपून ठेवायचं. सुई कुल्ल्यात, कळ पायात! कातडीला टाचणी लागली तर बोट नेमकं तिथंच जातं. खोलवरच्या स्नायूचा पत्ता मात्र मेंदूला धड लागत नाही, कारण वेगवेगळ्या भागांतून येणारे मज्जातंतू मज्जारज्जूतल्या एकाच पेशीपाशी येऊन मिळतात. मग मेंदू अंदाज बांधतो आणि फसतो. हृदयविकाराच्या झटक्यात डावा हात दुखतो, तो याच घोटाळ्यामुळे.

अमेरिकेच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी तर या भटक्या कळांचे नकाशेच काढले आणि त्या दुखऱ्या जागांना ‘ट्रिगर पॉइंट’ हे नाव रुळवलं. पाठदुखीनं बेजार झालेले सिनेटर जॉन केनेडी १९५५ मध्ये त्यांच्याकडे आले. १९६१ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि ट्रॅव्हेलबाई राष्ट्राध्यक्षांच्या पहिल्या महिला खासगी डॉक्टर. केनेडींची ती प्रसिद्ध झुलती खुर्ची, ती बाईंच्याच सल्ल्यानं आलेली.

पण ही ट्रिगर पॉइंटची गाठ म्हणजे नेमकं काय? एक मत असं, की स्नायूचा एवढासा भाग आखडूनच राहतो, तिथं रक्त कमी पोचतं आणि साचलेली रसायनं मज्जातंतूंना डिवचतात. सगळ्यांना हे पटत नाही. एकाच पाठीवर दोन तज्ज्ञांनी बोटं फिरवली तर दोघं वेगवेगळ्या जागा दाखवतात, असंही दिसून आलंय.

मालिशवाला मात्र छातीठोकपणे सांगतो, ‘गाठ फुटते, ॲसिड मोकळं होतं, साहेब.’ २०१२ मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल मारायला लावली, प्रत्येकाच्या एकाच मांडीला दहा मिनिटं मालिश केलं आणि दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. लॅक्टिक ॲसिडमध्ये काही फरक नव्हता. कमी झाली होती ती दाह वाढवणाऱ्या रसायनांची लगबग. अंगठ्याच्या दाबानं पेशीच्या आत एवढी उलथापालथ व्हावी, हे मला गाठ ‘फुटण्या’पेक्षा कितीतरी अचाट वाटतं.

शिवाय दाबाचा संदेश मज्जारज्जूतच दुखण्याच्या संदेशाला थोपवतो, म्हणून हात फिरताच बरं वाटतं. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीत लाथ मारून घ्यायची रीत आहे. लाथेची शिफारस मी करणार नाही. तेलाचा हात पुरे. त्याचा आराम बहुधा काही दिवसांचाच. पाय बधिर पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मात्र मालिश नको, तडक दवाखान्यात जा.