कुष्ठमुक्ताच्या हातची भाजी

ठाण्याहून घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत कासारवडवली, ओवळे येथील भातखाचरांची जागा आता बहुतांशी उंच इमारतींनी घेतली आहे. तथापि पावसाळ्यात रस्त्याच्या कडेस रानभाज्यांच्या टोपल्या अद्याप दिसतात. गेल्या आषाढात अशाच एका टोपलीपाशी आम्ही थांबलो. विक्रेत्याच्या उजव्या हाताची बोटे आखडून आखूड झाली होती. आमच्या पुढील गृहस्थांनी टाकळ्याची जुडी उचलली, त्या हाताकडे पाहिले, जुडी होती तेथे ठेवली व ते पलीकडच्या टोपलीकडे वळले. आम्हीही क्षणभर थबकलो, हे लपविण्यात अर्थ नाही.

हे दृश्य महाराष्ट्रास नवे नव्हे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली, तेव्हा वरोड्याजवळील खडकाळ, झुडपी जमीन, थोडेसे रुग्ण, एक लंगडी गाय व १४ रुपये एवढेच भांडवल होते. त्याच रुग्णांनी विहीर खणली, जमीन लागवडीस आणली आणि थोड्याच वर्षांत आपली गरज भागून भाजी उरू लागली. ज्या रानात आपण कोणी बैलही जुंपला नसता, त्या रानाचे हे पीक! पण ती भाजी वरोड्याच्या बाजारी कोणी घेईना. पुढे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, तेथेच जेवले, तेव्हा कोठे गावकऱ्यांची भीड चेपली. जमिनीने जे लगेच मान्य केले, ते बाजाराने मान्य करावयास परक्यांची साक्ष लागली.

आज तर भीतीस आधारच उरलेला नाही. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग ६ ते १२ महिन्यांत बरा होतो, आणि औषध सुरू होताच संसर्गाचा धोका झपाट्याने नाहीसा होतो. बोटे झडतात ही समजूतही चुकीची. मज्जातंतू बधिर झाल्याने भाजल्याचे वा कापल्याचे कळत नाही. दुर्लक्षित जखमा चिघळतात व हाड झिजते. रोग गेला तरी ही खूण राहते, आणि लोक खुणेलाच रोग समजतात.

त्या विक्रेत्याने विळ्याच्या मुठीस सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली होती. ही युक्ती प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानी ठेवावी. बधिर हाताच्या गड्यास कुदळ, विळा जाड व मऊ मुठीचा द्यावा. अनवाणी खाचरात उतरवू नये. चुलीवरचे भांडे फडक्याशिवाय धरू देऊ नये. रोज सायंकाळी हातपाय तपासून, पाण्यात भिजवून तेल लावण्याची सवय असावी. एवढे सांभाळल्यास तो वर्षानुवर्षे काम करील.

कायदा आपल्यापुढे गेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्तांचा समावेश आहे. २०१९ मध्ये घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग वगळला गेला. मात्र भावास गोठ्यालगतच्या खोपीत निराळे ताट देणारी घरे आमच्या पाहण्यात आहेत, आणि ती सुशिक्षित बागाईतदारांची आहेत. निराळ्या ताटाच्या धाकानेच माणूस अंगावरील फिकट, बधिर चट्टा लपवितो व बोटे गमावून बसतो. घरात वा गड्यांत असा चट्टा दिसल्यास त्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. औषध तेथे विनामूल्य मिळते.