काळी, पांढरी आणि पंचक्रोशी

मानवी भूगोल म्हणजे माणूस आणि जमीन यांच्या नात्याचा अभ्यास. माणसे कुठे वसतात, तिथेच का वसतात, तिथून का उठतात आणि वसलेल्या जागेला कोणते रूप देतात, एवढ्या प्रश्नांवर हे सारे शास्त्र उभे आहे. जर्मन अभ्यासक फ्रेडरिक रॅट्झेल यांच्या १८८२ सालच्या ग्रंथाने त्याला स्वतंत्र शाखेचे रूप येऊ लागले. शाळेत या विषयाची ओळख होते ती व्याख्यांतून, आणि परीक्षा संपली की व्याख्या विसरतात. त्यातल्या पुष्कळ कल्पनांना मात्र मराठीत घरचे शब्द आहेत, पाठ्यपुस्तकांपेक्षा कितीतरी जुने.

पहिली जोडी वसतिस्थान आणि सापेक्ष स्थान यांची. गाव ज्या जमिनीवर उभे आहे ती जमीन, तिचे पाणी, तिचा चढउतार हे वसतिस्थान. आजूबाजूच्या मुलखाशी, वाटांशी, बाजारांशी त्या गावाचे जे नाते असते ते सापेक्ष स्थान. कराड कृष्णा-कोयनेच्या संगमावर आहे, हे त्याचे वसतिस्थान. कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे उतरणारी वाट कराडहून निघते, हे त्याचे सापेक्ष स्थान. वसतिस्थान सहसा बदलत नाही, सापेक्ष स्थान एका पिढीतही बदलू शकते. मुंबईइतके याचे ठसठशीत उदाहरण दुसरे नाही. सात बेटे, मधे दलदल, प्यायच्या पाण्याची ओढ आणि पाठीशी सह्याद्रीची भिंत. बंदर उत्तम, पण घाटावरचा माल तिथपर्यंत यायचा तो बैलांच्या पाठीवरून किंवा बैलगाडीतून. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि दख्खनचा कापूस थेट धक्क्यावर येऊ लागला. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि युरोप जवळ आला. बेटे होती तिथेच राहिली, त्यांचे जगातले स्थान तेवढे बदलले. बंदरामागचा जो मुलूख त्या बंदराला माल पुरवतो आणि त्याच्याकडून माल घेतो, त्याला पृष्ठप्रदेश म्हणतात. रेल्वेने मुंबईला दिला तो हा पृष्ठप्रदेश.

वस्ती हा या शास्त्रातला सर्वांत भरलेला कोपरा. देशावरचा शेतकरी गावाची जमीन दोन शब्दांत वाटून मोकळा होतो: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे राहण्याची. पांढरीला रंग येतो तो माणसांच्या राहण्यामुळेच. पिढ्यान्‌पिढ्या चुलीतली राख पडते, मातीच्या भिंती ढासळतात, त्यांच्यावर नव्या भिंती उठतात, आणि गावाखालची जमीन फिकट होत होत टेकाडासारखी उंचावते. धाब्याच्या घरांवर टाकायला लोक हीच माती नेत. पुरातत्त्वाचे अभ्यासक ओसाड पडलेल्या जुन्या गावांच्या जागांना आजही पांढरीची टेकाडे म्हणतात आणि तिथे खणतात. माणसाच्या वावराने घडलेल्या जमिनीला सांस्कृतिक भूदृश्य म्हणावे, ही कल्पना अमेरिकी भूगोलज्ञ कार्ल सॉवर यांनी १९२५ मध्ये मांडली. पांढरी या एका शब्दात ती कल्पना हाताला लागेल इतकी स्पष्ट आहे.

देशावरची वस्ती केंद्रित, म्हणजे घराला घर लागून, मधे चावडी, मारुतीचे देऊळ आणि पार, भोवती शिवार. विहिरीचे पाणी थोड्या जागी लागे, शिवाय धामधुमीच्या काळात एकत्र राहण्यातच सुरक्षितता होती. कोकणात घाट उतरताच चित्र पालटते. तिथे गाव म्हणजे वाड्यांची माळ. एक वाडी ओढ्याच्या अलीकडे, दुसरी टेकाडाच्या पलीकडे, आणि प्रत्येक घर आपापल्या परसात, माडा-फणसांच्या आड. सपाट जमीन तुकड्यातुकड्याने मिळते आणि पाणी ठिकठिकाणी वाहते, म्हणून वस्तीही विखुरलेली. सातपुड्यातले भिल्लांचे पाडेही असेच विखुरलेले असतात.

केंद्रित गावाचा नकाशा मात्र निर्मळ नाही. जुन्या गावाला कूस, म्हणजे भोवतीची भिंत असे, आणि कोणी कुसाच्या आत राहायचे, कोणी बाहेर, हे जातीने ठरवलेले असे. पाणवठेही वेगळे. भूगोलाच्या भाषेत याला सामाजिक पृथक्करण म्हणतात. मराठीत त्यासाठी 'गावकुसाबाहेर' हा शब्द आहे आणि तो कितीतरी अधिक खरा आहे, कारण त्यात अंतर मोजता येते. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. नाव बदलणे आवश्यकच होते. पण घरे कुठे उभी आहेत आणि तिथवर नळ व रस्ता कधी पोहोचले, हा प्रश्न नावाहून वेगळा आहे आणि मानवी भूगोलाने तो विचारत राहिलाच पाहिजे.

गावांची आपसातली उतरंड समजावण्यासाठी वॉल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीचा अभ्यास करून मध्यवर्ती स्थानांचा सिद्धांत मांडला. त्यात दोन शब्द महत्त्वाचे. दुकान तगण्यासाठी किमान जितकी गिऱ्हाइके लागतात, तो त्याचा उंबरठा. गिऱ्हाईक त्या वस्तूसाठी जितक्या लांबून यायला तयार असते, तो तिचा पल्ला. मिठाचा पल्ला छोटा, सोन्याचा मोठा. म्हणून किराणा गावोगाव मिळतो आणि सराफी पेढी तालुक्याला असते.

आठवडी बाजारात हा सिद्धांत डोळ्यांदेखत चालताना दिसतो. भांड्यांच्या विक्रेत्याला एका गावची गिऱ्हाइके पुरत नाहीत, म्हणून तो सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या गावी पाल ठोकतो. एका जागी जो उंबरठा गाठता येत नाही, तो हा विक्रेता चालून गाठतो. आणि ज्या मुलखातून लोक बाजाराला येतात त्याला मराठीत पंचक्रोशी म्हणतात. पाच कोस, म्हणजे पायी जाऊन बाजारहाट करून दिवे लागायच्या आत घरी परतता येईल असा आवाका. एसटी आली, मोटारसायकल आली आणि पंचक्रोशी फुगली. काही बाजार त्यात मोठे झाले, काही मोडले.

प्रदेश ही कल्पनाही तीन अंगांनी पाहतात. पाऊस, माती, पीक अशा एखाद्या समान गुणाने ओळखला जातो तो एकरूप प्रदेश. एखाद्या केंद्राशी रोजच्या ये-जेने जोडलेला तो कार्यात्मक प्रदेश, मुंबईच्या लोकलच्या डब्यांत भरून येतो तसा. आणि लोकांच्या मनात असतो तो तिसरा. मावळ, माणदेश, वऱ्हाड यांच्या सीमा कोणत्याही सातबाऱ्यावर नाहीत, तरी आपला मुलूख कुठे संपतो हे तिथल्या माणसाला नेमके ठाऊक असते. कोकणातही किनाऱ्यालगतची खलाटी आणि सह्याद्रीच्या पायथ्याची वलाटी हा भेद लोकांनीच केलेला आहे.

निसर्ग माणसाला घडवतो की माणूस निसर्गातून वाट काढतो, हा या शास्त्रातला जुना वाद. पहिल्या मताला निसर्गवाद म्हणतात, दुसऱ्याला संभववाद. फ्रान्सचे व्हिदाल द ला ब्लाश संभववादाचे आद्य पुरस्कर्ते मानले जातात. संभववादाचे आपल्याकडचे उदाहरण म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार, पर्जन्यछायेतले गाव. पाऊस थोडा, आणि एकेकाळी गाव सोडून जाणाऱ्यांची रांग. १९९० नंतरच्या काळात गावाने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने डोंगरावर चर खोदले, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, उसासारखी पाणीखाऊ पिके टाळली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. बाहेर गेलेली कित्येक कुटुंबे परतली. पाऊस वाढला नव्हता.

लोकसंख्येची घनता म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे किती माणसे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची घनता ३६५ होती, गडचिरोलीची ७४, तर मुंबई उपनगर जिल्ह्याची जवळजवळ २१ हजार. सरासरी किती लपवते हे या तीन आकड्यांतून कळावे.

स्थलांतराचे नियम ई. जी. रॅव्हनस्टीन यांनी १८८५ मध्ये मांडले. बहुतेक माणसे जवळच्या जवळ हलतात, आणि थोड्या अंतरावर हलणाऱ्यांत बायका जास्त असतात, हे त्यांतले दोन. भारतात बायकांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण लग्न हे आहे. माहेरहून सासरी जाण्याला कोणी स्थलांतर म्हणत नाही, पण देशातली सर्वांत मोठी हालचाल तीच आहे.

माणसाला गावाबाहेर ढकलणारी कारणे वेगळी आणि दुसरीकडे ओढणारी वेगळी. बीडच्या ऊसतोड कामगारांच्या बाबतीत दोन्ही एकदम कामाला लागतात: घरची कोरडवाहू जमीन ढकलते, मुकादमाने दिलेली उचल ओढते. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड निघते आणि उन्हाळा लागताना परतते. भूगोलात याला हंगामी स्थलांतर म्हणतात. त्यांच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. मजुरी कोयत्याची, म्हणून बाईची वेगळी मोजणीच होत नाही. आणि कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, आईबापांबरोबर आलेल्या मुलाची शाळा ऐन मध्यात सुटते.

कोकणातले स्थलांतर निराळे, वर्षानुवर्षांचे. चाकरमानी मुंबईच्या गिरणीत राबे आणि घर मनीऑर्डरवर चाले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या, तरी गावातून मुंबईकडे जाणारा ओघ उलटला नाही. २००१ ते २०११ या काळात राज्याची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घटली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुंबई शहरात ८३२.

जागेला आकडे आणि सीमा मिळतात, पण तिच्याशी माणसाचे मन जडते तेव्हा ती ठिकाण होते. या जडण्याला भूगोलज्ञ स्थळभाव म्हणतात. रत्नागिरीतल्या कितीतरी वाड्यांवर घरांना वर्षभर कुलूप असते. गणपतीच्या आधी दोन दिवस ते निघते, अंगण सारवले जाते, ओटीवर माणसे मावत नाहीत, आणि विसर्जनानंतर कुलूप पुन्हा लागते. घराचे मालक जनगणनेत मुंबईचे रहिवासी, त्यांची मुले जन्माने मुंबईची. तरीही लोकलमध्ये कोणी 'गाव कुठलं?' असे विचारले, तर ती मुले त्या वाडीचेच नाव सांगतात.