सिकलसेल: वाहक म्हणजे रुग्ण नव्हे

गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलची तपासणी होते, तेव्हा ‘वाहक’ हा शेरा आजारासारखा वाचला जातो. हा समज घातक आहे. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते; ऑक्सिजन कमी पडला की अशा तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. पण हा आजार होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही यावे लागते. एकच आले तर माणूस फक्त वाहक असतो आणि बहुधा आयुष्यभर ठणठणीत राहतो.

‘आमच्या घरात कुणालाच नाही, मग तपासणी कशाला?’ असे विचारले जाते. वाहकाला लक्षणे नसतात, म्हणूनच तर ती हवी. दोघेही वाहक असतील तर दर गर्भारपणात आजाराची शक्यता 25 टक्के असते; पहिले मूल निरोगी निघाले म्हणून पुढची शक्यता घटत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अहवालामुळे मुलींची लग्ने मोडतात. मात्र दोष चाचणीचा नाही, एकट्या मुलीचीच चाचणी करण्याचा आहे. जोडीदाराचीही हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी करावी, कारण तो थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक विकाराचा वाहक असला तरी मुलाला धोका असतो. त्याचे हिमोग्लोबिन निर्दोष असेल तर लग्न मोडायला कारणच उरत नाही.